उबेच्या एका युनिटची किंमत : घर तापवण्याच्या खर्चाच्या प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२४

बोस्टन परिसरातील आमच्या मंडळात दरवर्षी काही नवी मराठी कुटुंबे दाखल होतात. त्यांतली बरीचशी ह्यूस्टन, अटलांटा अशा उबदार भागांतून नोकरी बदलून आलेली असतात आणि लगेच घर शोधू लागतात. घराची किंमत, शाळा, रेल्वे स्थानकाचे अंतर यांची चौकशी प्रत्येक जण करतो. घर कोणत्या इंधनावर तापते आणि हिवाळाभर त्याला किती पैसे लागतात, हा प्रश्न मात्र बहुतेकांना पहिले बिल हातात आल्यावरच पडतो. या कुटुंबांना घर घेण्यापूर्वी वापरता येईल असा हिशेबाचा तक्ता तयार करायचे आमच्या छोट्या गटाने आज ठरवले. त्या कामाच्या नोंदी मी इथे ठेवणार आहे.

आजच्या बैठकीत सर्वांच्या बोलण्यात एक समज वारंवार आला : जिथे थंडी जास्त, तिथे बिल जास्त. हा समज अर्धाच खरा आहे. बिल तीन गोष्टींच्या गुणाकारातून येते : त्या गावी हिवाळाभरात मिळून थंडी किती पडते, घर प्रत्येक अंश थंडीमागे किती उष्णता गमावते, आणि तितकी उष्णता पुन्हा निर्माण करायला त्या गावातल्या इंधनाने किती खर्च येतो. पहिली गोष्ट निसर्गाच्या हाती आहे, दुसरी घर बांधणाऱ्याच्या आणि नंतर आपल्या हाती आहे, आणि तिसरी ठरते ती पाइपलाइन, बंदरे, धरणे आणि बाजार यांवर.

सगळी इंधने एकाच मापाने मोजायची, हेही आज ठरले. इथे गॅस थर्ममध्ये, तेल आणि प्रोपेन गॅलनमध्ये, लाकूड कॉर्डमध्ये आणि वीज किलोवॅट-तासांत विकली जाते, त्यामुळे भावांची थेट तुलना होऊच शकत नाही. विजेचे युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास, आपल्याला लहानपणापासूनच्या बिलांमुळे परिचयाचे आहे. म्हणून प्रत्येक इंधनासाठी आम्ही एकच प्रश्न विचारणार आहोत : खोलीत प्रत्यक्ष पोहोचलेल्या उष्णतेचे एक युनिट किती सेंटला पडते?

१२ ऑक्टोबर २०२४

आज थंडीचे माप घेतले. अमेरिकेत यासाठी डिग्री-दिवस ही पद्धत रुळलेली आहे. दिवसाच्या कमाल आणि किमान तापमानाची सरासरी घ्यायची आणि ती ६५ अंश फॅरनहाइटच्या (सुमारे १८ अंश सेल्सिअस) जितकी खाली असेल तितके डिग्री-दिवस त्या दिवसाच्या नावे मांडायचे. कमाल ३५ आणि किमान १५ असेल, तर सरासरी २५ आणि त्या दिवसाचे डिग्री-दिवस ४०. सरासरी ६५च्या वर गेली तर शून्य. खोली आपण साधारण ६८ ते ७० अंशांवर ठेवतो आणि तरीही पाया ६५चा धरला जातो, कारण वरचे काही अंश माणसे, दिवे, स्वयंपाक आणि खिडकीतून येणारे ऊन यांच्या उष्णतेतून आपोआप भरून निघतात.

तक्त्यासाठी वर्षाच्या सरासरीचे आकडे पूर्णांकात घेतले आहेत : मिनियापोलिस सुमारे ७,५००, मेन राज्यातले पोर्टलंड ७,०००, शिकागो ६,२००, बोस्टन ५,५००, सिअ‍ॅटल ४,६००, अटलांटा २,६००, ह्यूस्टन १,३००. अलास्कातले फेअरबँक्स १३,००० च्याही पुढे जाते. मायामीत वर्षभरात शे-दीडशे डिग्री-दिवस भरतात आणि तिथे हा विषय संपतोच.

सिअ‍ॅटलचा आकडा पाहून गटातल्या काहींना आश्चर्य वाटले, कारण तिथे कडाक्याची थंडी क्वचितच पडते. पण तिथला गारवा सौम्य असला तरी ऑक्टोबरपासून मेपर्यंत रेंगाळतो. डिग्री-दिवस मोजतात ते थंडीचा एकूण साठा, तिचा कडाका मोजत नाहीत. वर्षाचे बिल या साठ्यावर ठरते, तर फर्नेस (घराची हवा तापवणारी भट्टी) किंवा हीट पंप किती मोठा बसवायचा ते कडाक्यावर ठरते. हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे तक्त्याच्या पहिल्याच पानावर स्पष्ट लिहायचे आहे.

२६ ऑक्टोबर २०२४

इंधनांची उष्णता आणि उपकरणांची कार्यक्षमता यांचे पान आज पूर्ण झाले.

एका थर्म गॅसमध्ये २९.३ युनिट उष्णता असते, एक गॅलन हीटिंग ऑइलमध्ये सुमारे ४०.६ युनिट आणि एक गॅलन प्रोपेनमध्ये सुमारे २६.८ युनिट. शेवटच्या दोन आकड्यांतला फरक फार महत्त्वाचा आहे. प्रोपेनचा गॅलनचा भाव तेलापेक्षा कमी दिसतो म्हणून ते स्वस्त समजले जाते, पण त्या गॅलनात उष्णताच दोन-तृतीयांश असते.

यातली सगळी उष्णता घरात येत नाही. जुनी गॅस फर्नेस साधारण ८० टक्के उष्णता घराला देते आणि उरलेली धुराड्यातून बाहेर जाते. नव्या कंडेन्सिंग फर्नेसमध्ये धूर इतका थंड केला जातो की त्यातल्या वाफेचे पाणी होते आणि त्या वाफेत अडकलेली उष्णताही मिळते, त्यामुळे कार्यक्षमता ९५ टक्क्यांच्या आसपास जाते. घर पाहायला जाणाऱ्यांसाठी ही ओळखण्याची सोपी खूण आहे : फर्नेसमधून धातूचे रुंद धुराडे छताकडे जात असेल तर ती जुन्या पद्धतीची, आणि पांढरा प्लास्टिकचा पाइप बाजूच्या भिंतीतून बाहेर काढलेला असेल तर ती कंडेन्सिंग पद्धतीची. तेलाचे चांगले बॉयलर ८५ टक्क्यांच्या घरात असतात, जुने ८० किंवा त्याखाली.

भिंतीलगतचा साधा विजेचा हीटर विजेच्या एका युनिटाचे उष्णतेचे एक युनिट करतो, शंभर टक्के. हे ऐकायला उत्तम वाटते, पण ती वीज इंधन जाळून निर्माण करणाऱ्या केंद्रात इंधनाचा मोठा भाग आधीच वाया गेलेला असतो आणि तो खर्च दरात आलेलाच असतो. हीट पंप उष्णता निर्माण करत नाही. तो बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणतो, म्हणून विजेच्या एका युनिटात उष्णतेची दोन, तीन, कधी चार युनिटे देऊ शकतो. त्याच्यासाठी स्वतंत्र पान लागेल.

९ नोव्हेंबर २०२४

आज गटातल्या एका कुटुंबाच्या घरी प्रत्यक्ष मोजणीला सुरुवात केली. घर १९५०च्या दशकातले, सुमारे १,८०० चौरस फुटांचे, तळघरात तेलाचा जुना बॉयलर आणि खोल्यांमध्ये गरम पाण्याचे रेडिएटर.

आम्ही तिथे असतानाच तेलाचा टँकर आला. तळघरातल्या टाकीचे माप २७५ गॅलन, वर काचेच्या नळीत लाल तरंगता काटा. बाहेरच्या भिंतीतून दोन पाइप डोकावतात, एक भरण्याचा आणि एक हवा बाहेर सोडण्याचा. चालकाने नळी जोडून तेल सोडले आणि तो मीटरकडे न पाहता भिंतीला कान देऊन उभा राहिला. टाकीत तेल चढू लागले की आतली हवा दुसऱ्या पाइपातून बाहेर पडते आणि वाटेत बसवलेली शिट्टी वाजत राहते. तेल शिट्टीच्या तोंडापर्यंत पोहोचले की शिट्टी थांबते, आणि त्या क्षणी तो नळी बंद करतो. शिट्टी वाजलीच नाही तर चालक तेल सोडत नाही, कारण टाकीत जागा आहे की नाही हे कळण्याचे बाहेरून दुसरे साधन नसते.

न सांगता वेळेवर तेल भरून जाणारे विक्रेतेही डिग्री-दिवसांवरच चालतात. प्रत्येक घराचा एक आकडा त्यांच्याकडे असतो : एका गॅलनमध्ये हे घर किती डिग्री-दिवस निभावते. गावातले डिग्री-दिवस रोज जमा करत गेले की कोणाची टाकी कधी तळाला येईल याचा अंदाज त्यांना कार्यालयात बसून करता येतो. आम्हीही तोच मार्ग घेतला. मागच्या हिवाळ्यातल्या दोन पूर्ण भरण्यांच्या मधल्या काळात १६१ गॅलन तेल लागले होते आणि त्या काळात १,१५० डिग्री-दिवस झाले होते. याच बॉयलरवर अंघोळीचे पाणीही तापते. जुलै-ऑगस्टच्या वापरावरून त्याचा वाटा २१ गॅलन निघाला, तो वजा केला. उरलेल्या १४० गॅलनांतून ८० टक्के कार्यक्षमतेने सुमारे ४,५५० युनिट उष्णता घरात आली. म्हणजे हे घर प्रत्येक डिग्री-दिवसामागे सुमारे ४ युनिट गमावते.

तक्त्यातल्या प्रमाण घरासाठी आम्ही २.८ युनिट हा आकडा धरला आहे, जो बऱ्यापैकी इन्सुलेशन असलेल्या मध्यम घराला लागू पडावा. त्या मापाने मिनियापोलिसमधले प्रमाण घर वर्षाला २१,००० युनिट मागते. आज मोजलेले घर बोस्टनमध्ये असूनही २२,००० मागते. हवामानाचा २,००० डिग्री-दिवसांचा फायदा भिंतींनी आणि फटींनी पूर्ण खाऊन टाकला आहे.

२३ नोव्हेंबर २०२४

भावांचे पान. हिशेबासाठी अलीकडच्या हिवाळ्यांना धरून असलेले, पूर्णांकातले भाव घेतले आहेत. वापरणाऱ्याने स्वतःच्या बिलावरचा भाव घालायचा आहे, आणि तो घालताना नुसता इंधनाचा दर न घेता वहनाचा आकार धरून संपूर्ण दर घ्यायचा आहे, कारण इथल्या गॅस आणि वीज बिलांत हे दोन भाग वेगळे छापतात आणि पुष्कळ जण पहिलाच भाग पाहतात.

मिनियापोलिसमध्ये गॅस थर्मला १.१० डॉलर धरला, तर कंडेन्सिंग फर्नेसमधून उबेचे युनिट ४ सेंटला पडते आणि प्रमाण घराचे वर्षाचे तापवणे सुमारे ८४० डॉलरमध्ये होते. बोस्टनमध्ये गॅस २.२० डॉलर धरला, तर युनिट जवळपास ८ सेंट आणि वर्षाला सुमारे १,२२० डॉलर. पोर्टलंडमध्ये तेल गॅलनला ३.६० डॉलर धरले, तर ८५ टक्के कार्यक्षमतेवर युनिट १०.४ सेंट आणि वर्षाला २,०४० डॉलर. देशातल्या सर्वांत थंड मोठ्या शहरांपैकी एक असलेले मिनियापोलिस बोस्टनपेक्षा आणि पोर्टलंडपेक्षाही स्वस्तात तापते, हे या प्रकल्पातले पहिले ठळक उत्तर.

कारणे भूगोलात आहेत. मिनेसोटाला कॅनडाकडून आणि अमेरिकेच्या मध्य भागातून येणाऱ्या मोठ्या गॅसवाहिन्या लाभल्या आहेत. न्यू इंग्लंड, म्हणजे बोस्टन आणि मेन ज्यात येतात तो ईशान्य भाग, मात्र या जाळ्याच्या शेपटाला आहे. हिवाळ्यात घरे आणि वीजकेंद्रे एकाच वेळी तोच गॅस मागतात, वाहिन्या अपुऱ्या पडतात, बोस्टनजवळ एव्हरेटच्या धक्क्यावर जहाजाने आणलेला द्रवरूप गॅस वापरावा लागतो आणि त्याचा परिणाम विजेच्या दरावरही होतो. मेनमध्ये तर गॅसवाहिनी मोजक्या शहरांपुरतीच आहे. वस्ती विरळ, जमीन खडकाळ, त्यामुळे तिथली सुमारे निम्मी घरे आजही तेलावर तापतात, आणि हे प्रमाण देशात सर्वाधिक आहे. तेलाचा भाव जागतिक बाजाराशी बांधलेला असतो. २०२२ च्या शरद ऋतूत न्यू इंग्लंडमध्ये गॅलन ५ डॉलरच्या वर गेले होते. तक्त्यात तोच भाव घातला तर पोर्टलंडचे वर्षाचे बिल २,८०० डॉलर ओलांडते, आणि तेही थंडी एका अंशाने न वाढता.

तुलना म्हणून मेनच्या सीमेपलीकडचा, कॅनडातला क्विबेक प्रांत मुद्दाम पाहिला. तिथल्या मॉन्ट्रियल शहराची थंडी पोर्टलंडपेक्षा जास्त आहे, तरी तिथली बहुतांश घरे विजेवर तापतात. उत्तरेकडच्या नद्यांवरील प्रचंड जलविद्युत प्रकल्पांमुळे घरगुती वीज युनिटला ८–९ कॅनेडियन सेंटच्या आसपास, म्हणजे सुमारे ६ अमेरिकन सेंटला मिळते. साधा भिंतीचा हीटर, जो बोस्टनमध्ये दिवाळखोरीचे साधन ठरेल, तिथे मेनच्या तेलापेक्षा स्वस्त पडतो. म्हणून "विजेवर घर तापवणे महाग असते" हे वाक्य गावाचे नाव घेतल्याशिवाय उच्चारूच नये, असे माझे मत झाले आहे.

७ डिसेंबर २०२४

आजचा पूर्ण दिवस हीट पंपावर गेला. नव्या कुटुंबांचे सर्वाधिक प्रश्न याच उपकरणाविषयी असतात आणि उत्तरे देणारे बहुधा विक्रेते असतात.

पंपाची अडचण ही, की बाहेर जितकी थंडी वाढते तितकी घराची मागणी वाढते, आणि नेमके तेव्हाच त्याचे काम अवघड होत जाते. थंड हवामानासाठी बनवलेला चांगला पंप बाहेर ८ अंश सेल्सिअस असताना एका युनिट विजेत सुमारे ४ युनिट उष्णता देतो, उणे ८ ला सुमारे अडीच आणि उणे १५ ला सुमारे दोन. हे गुणोत्तर माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलेले असते ते सौम्य तापमानाचे. बिल ठरते ते मात्र संपूर्ण हंगामाच्या सरासरीवर. ती सरासरी आम्ही पोर्टलंडसाठी २.६, अटलांटासाठी ३.२ आणि सिअ‍ॅटलसाठी ३.३ धरली आहे.

मग एक सोपी कसोटी तयार केली. विजेचा दर सेंटमध्ये घ्यायचा आणि त्याला सध्याच्या इंधनाच्या उबेच्या युनिटाच्या किमतीने भागायचे. येणारे उत्तर म्हणजे पंपाला हंगामभर गाठावे लागणारे किमान गुणोत्तर. पंप ते गाठत असेल तर बिल कमी होईल, नसेल तर वाढेल.

पोर्टलंड : वीज २७ सेंट, तेलाची ऊब १०.४ सेंट, भागाकार २.६. पंपाची अपेक्षित सरासरीही तितकीच, म्हणजे बरोबरी. तेल ३.६० डॉलरच्या वर गेले की पंप जिंकतो, खाली आले की तेल. बोस्टनमध्ये तेलाविरुद्ध : वीज ३० सेंट, भागाकार २.९, काठावरचा सामना. बोस्टनमध्ये गॅसविरुद्ध : ३.८, आणि इतकी सरासरी इथल्या हिवाळ्यात हवेवर चालणारा पंप देत नाही. मिनियापोलिसमध्ये वीज निम्म्या दराने, १५ सेंटला, मिळूनही गॅस इतका स्वस्त आहे की भागाकार पुन्हा ३.८ च्या जवळच येतो. तिथे काही घरे ऑक्टोबर-एप्रिलच्या सौम्य दिवसांत पंप आणि कडाक्यात गॅस फर्नेस अशी जोडी ठेवतात, ती हिशेबाला धरूनच आहे. अटलांटात वीज १४ सेंट, जुन्या फर्नेसमधल्या गॅसची ऊब ६.८ सेंट, भागाकार २.१. तिथे पंप सहज पुढे आहे.

सिअ‍ॅटलची जोडी सर्वांत बोलकी आहे. वीज १३ सेंटला. भिंतीच्या हीटरवर प्रमाण घर वर्षाला सुमारे १,६८० डॉलर घेते, पंपावर ५०० च्या आसपास. हवामान तेच, वीज तीच, कंपनी तीच. फक्त भिंतीवरचे यंत्र वेगळे.

गटातल्या एका काकांनी विचारले, की मेनमध्ये हिशेब बरोबरीत सुटत असेल तर तिथे इतके पंप का बसले. मेनने २०१९ मध्ये १,००,००० पंप बसवण्याचे उद्दिष्ट २०२५ साठी ठेवले होते आणि ते २०२३ मध्येच पार केले. माझे उत्तर असे : अनुदान हे एक कारण, उन्हाळ्यात तोच पंप घर थंडही करतो हे दुसरे, आणि तिसरे म्हणजे तिथल्या पुष्कळ घरांनी तेलाचा बॉयलर काढलेला नाही. पंप बहुतेक दिवस चालतो, बॉयलर अतिथंड रात्री चालतो, आणि तेल महागले की पंपाचे काम वाढवता येते. भावांच्या चढउतारापासून मिळणारे हे संरक्षण एका वर्षाच्या बिलाच्या तक्त्यात दिसत नाही, म्हणून आम्ही तक्त्यात प्रत्येक इंधनासाठी नेहमीचा, स्वस्त आणि महाग असे तीन भाव भरण्याची सोय केली. पंपाच्या खर्चावर २०२४ मध्ये ३० टक्के, पण २,००० डॉलरपर्यंतच, केंद्रीय करसवलत होती; २०२५ च्या अखेरीस ती संपली. ती कायमची मानू नये अशी सूचना शेजारी लिहिली होती.

२१ डिसेंबर २०२४

ह्यूस्टनहून आलेल्या एका कुटुंबाने आपली जुनी बिले दिली. त्या घराला हवेच्या नळ्यांत बसवलेल्या विजेच्या पट्ट्यांनी ऊब मिळत असे. वीज १५ सेंट धरली तर प्रमाण घर तिथे वर्षाला सुमारे ५५० डॉलर घेते. ह्यूस्टनची थंडी मिनियापोलिसच्या जेमतेम सहाव्या हिश्शाएवढी आहे, खर्च मात्र दोन-तृतीयांश आहे. एका डिग्री-दिवसाला ह्यूस्टनचे घर ४२ सेंट मोजते, मिनियापोलिसचे ११. हिवाळा इतका लहान असतो की तिथे कोणाला हे खुपत नाही आणि बांधकाम व्यावसायिकाला स्वस्त पट्ट्या बसवणे सोयीचे पडते.

खुपते ते फेब्रुवारी २०२१ सारख्या वेळी. त्या आठवड्यात ह्यूस्टनमध्ये पारा उणे १० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि डॅलसमध्ये उणे १९ पर्यंत उतरला. टेक्सासमधली निम्म्याहून अधिक घरे विजेवर तापतात. ज्यांच्याकडे पंप होते त्यांचेही पंप त्या थंडीत अपुरे पडून आतल्या पट्ट्या चालू झाल्या, आणि मागणी शिखरावर असतानाच गॅसविहिरी, वाहिन्या आणि वीजकेंद्रे गोठून बंद पडू लागली. चाळीस लाखांहून अधिक घरे व आस्थापने अंधारात गेली आणि थंडीने माणसे मेली. घाऊक विजेचा दर कमाल मर्यादेवर, युनिटला ९ डॉलरवर, सलग काही दिवस ठेवला गेला होता. ज्यांचे करार घाऊक दराशी जोडलेले होते त्यांना काही दिवसांसाठी हजारो डॉलरची बिले आली. कराराचा प्रकार ही इंधनाइतकीच महत्त्वाची बाब आहे, म्हणून तक्त्यात त्यासाठी वेगळा रकाना घातला : स्थिर दर, बदलता दर, की घाऊक दराशी जोडलेला.

उबदार भागासाठी आणखी एक तळटीप. गॅसजोडणीचा स्थिर आकार महिन्याला १० ते २० डॉलर असतो आणि तो बाराही महिने भरावा लागतो. लांब हिवाळ्यात तो हिशेबात विरघळून जातो, पण ह्यूस्टनच्या हिवाळ्यात तो इंधनाच्या खर्चाच्या बरोबरीला येऊ शकतो.

११ जानेवारी २०२५

जुन्या घराची गळती तपासली. मॅसॅच्युसेट्समध्ये मॅस सेव्ह या योजनेतून घराची ऊर्जातपासणी विनाशुल्क होते. तिचा पैसा सगळ्या ग्राहकांच्या बिलांतल्या एका लहान आकारातून येतो, म्हणजे आपण तो आधीच भरलेला असतो. तरीही कित्येक मराठी घरांनी ही तपासणी करून घेतलेली नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

तपासनीस येण्यापूर्वी आम्ही आमची तपासणी केली. वाऱ्याचा दिवस निवडला, स्वयंपाकघराचा आणि न्हाणीघराचा पंखा चालू केला आणि उदबत्ती घेऊन घरभर फिरलो. खिडक्यांपाशी धूर जरासा हलला. बाहेरच्या भिंतीवरच्या विजेच्या सॉकेटसमोर तो स्पष्ट खोलीकडे वळला. पोटमाळ्याच्या झडपेखाली तर तो सरळ वर ओढला गेला, आणि तळघरात पायाची भिंत व लाकडी चौकट जिथे मिळतात तिथे तो आडवा वाहू लागला. याचे कारण साधे आहे. गरम हवा वर चढून पोटमाळ्यातून निसटते आणि तिची जागा घ्यायला थंड हवा तळघरातून आत येते. खिडक्या बदलायला हजारो डॉलर लागतात आणि लोक सुरुवात तिथूनच करतात, पण या घराची खरी भोके माथ्यावर आणि पायथ्याशी आहेत.

तपासनीसाने पुढच्या दारात पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचली आणि ठरावीक ५० पास्कल दाबफरकावर मोजमाप घेतले : मिनिटाला सुमारे २,६०० घनफूट. नेहमीच्या स्थितीतली गळती ढोबळमानाने याच्या विसाव्या हिश्शाएवढी, म्हणजे मिनिटाला १३० घनफूट. तितकी थंड हवा तापवायला प्रत्येक डिग्री-दिवसाला जवळपास १ युनिट लागते. म्हणजे या घराच्या ४ युनिटांपैकी एक निव्वळ वाऱ्यावर जाते.

बैठकीत फोडणीचा विषयही निघाला, आणि तो रास्त आहे. आपल्या स्वयंपाकाला धूर बाहेर टाकणारा पंखा लागतोच, आणि तो मिनिटाला ३०० घनफूट ऊबदार हवा बाहेर फेकत असेल तर तितकीच थंड हवा घरात शिरते. बाहेर गोठणबिंदूच्या जरा खाली असताना हे नुकसान तासाला पावणेचार युनिट निघाले. तेलाच्या भावाने तासाला सुमारे ४० सेंट. अर्ध्या तासाच्या स्वयंपाकाला २० सेंट. इतक्यासाठी पंखा बंद ठेवू नये, विशेषतः गॅसची शेगडी असेल तर मुळीच नाही, असे आम्ही एकमताने नोंदवले. फक्त स्वयंपाक संपल्यावर तो तासभर तसाच चालू राहू नये.

१ फेब्रुवारी २०२५

लाकूड आणि पेलेट (लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या) यांचे पान थोडक्यात आटोपले. पेलेटच्या एका टनात सुमारे ४,८०० युनिट उष्णता असते. टनाला ३४० डॉलर आणि ८० टक्के कार्यक्षमता धरली तर ऊब ९ सेंटला पडते, म्हणजे मेनमध्ये तेलापेक्षा स्वस्त. पण टन म्हणजे ४० पौंडांच्या ५० पिशव्या, आणि त्या तळघरात नेऊन रोज ओताव्या लागतात. कॉर्ड म्हणजे १२८ घनफुटांचा रचलेला ढीग. लाकूड वर्षभर वाळलेले नसेल तर त्यातली उष्णता आधी पाणी उकळण्यात जाते आणि उरतो तो धूर. फेअरबँक्समध्ये थंड हवा दरीत साचून राहते आणि लाकडाच्या धुरामुळे तिथली हिवाळी हवा देशातल्या सर्वांत दूषित हवांपैकी ठरते. हा खर्च सेंटमध्ये मांडता येत नाही. आमच्या तक्त्यात लाकडाला रकाना आहे, शिफारस नाही.

२२ फेब्रुवारी २०२५

जुन्या घरात पोटमाळ्याची झडप, तळघराची चौकट आणि पाइपांभोवतीच्या जागा बंद करून पोटमाळ्यावर इन्सुलेशनचा जाड थर टाकून झाला. पुन्हा पंखा लावल्यावर गळती २,६०० वरून १,६०० घनफुटांवर आली. त्यानंतरच्या पहिल्या तेलभरणीवरून काढलेला आकडा प्रत्येक डिग्री-दिवसाला ३.५ युनिट. हंगामाला ही बचत सुमारे ८५ गॅलन, म्हणजे आजच्या भावाने ३०० डॉलर. हीट पंप घ्यायचा झाला तर तोही आता लहान मापाचा पुरेल, आणि म्हणूनच आधी फटी आणि मग यंत्र हा क्रम आम्ही तक्त्याच्या पहिल्या पानावर घालत आहोत.

थर्मोस्टॅटविषयीची टीप दोन प्रकारे लिहिली. फर्नेस किंवा बॉयलर असेल तर रात्री ७ ते १० अंश फॅरनहाइटने खाली आणल्यास वर्षाच्या तापवण्याच्या खर्चात साधारण १० टक्क्यांपर्यंत बचत होते. हीट पंप असेल तर इतके खाली आणू नये, कारण सकाळी एकदम चढताना आतल्या पट्ट्या चालू होतात आणि रात्रीची बचत तिथे जाते.

ज्या कुटुंबांना हे बिल खरोखरच झेपत नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारच्या ऊर्जासाहाय्य योजनेची आणि तिचे अर्ज घेणाऱ्या स्थानिक संस्था कशा शोधाव्यात याची माहिती शेवटच्या पानावर दिली आहे. मंडळात कोणी हे उघडपणे विचारणार नाही, म्हणून ती न विचारता प्रत्येक प्रतीत राहील.

तक्ता पुढच्या आठवड्यात पाठवायचा आहे. वापरणाऱ्याने फक्त चार गोष्टी भरायच्या : गावाचे डिग्री-दिवस, मागच्या मालकाकडून मिळवलेली दोन हिवाळ्यांची इंधनाची बिले, यंत्राचा प्रकार आणि आजचा संपूर्ण दर. घर पाहायला जाताना विक्रेत्याच्या दलालाकडे ही बिले मागायची विनंती नमुना म्हणून सोबत जोडली आहे. अंघोळीच्या पाण्याचा वाटा नीट वजा करण्यासाठी आणखी काही घरांचे जुलै-ऑगस्टचे आकडे लागतील. ते उन्हाळ्यात गोळा करायचे काम माझ्याकडे आहे.